चार ओहमांचे स्पीकर आणि घरचा अ‍ॅम्प्लिफायर : जोडी कशी जुळवावी

चार ओहमांचे स्पीकर घरी आले की पहिली अडचण अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर छापलेल्या एका ओळीपाशी येते. तेथे ‘६ ते १६ ओहम’ असे लिहिलेले असते आणि स्पीकरच्या मागच्या पट्टीवर मात्र ४ हा आकडा असतो. विचारायला गेल्यास दोन टोकांची उत्तरे मिळतात. ‘काही होत नाही, बिनधास्त लावा’, असे एक जण सांगतो, तर ‘लावलेत तर अ‍ॅम्प जळेल’, असे दुसरा बजावतो. खरे उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून असते. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, प्रत्यक्षात किती खाली उतरतो, अ‍ॅम्प्लिफायर किती प्रवाह देऊ शकतो आणि किती उष्णता बाहेर टाकू शकतो, आणि आपल्या खोलीत आपल्याला किती मोठा आवाज हवा आहे, या त्या तीन गोष्टी होत. या तिन्हींचा अंदाज घरच्या घरी, एक साधा मल्टिमीटर आणि थोडे गणित यांच्या साहाय्याने घेता येतो.

मागणी प्रवाहाची असते

अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज लावतो आणि त्या व्होल्टेजमुळे किती प्रवाह वाहील हे स्पीकरचा इम्पीडन्स ठरवतो. समजा, व्हॉल्यूम अशा जागी आहे की टोकांवर २० व्होल्ट येत आहेत. स्पीकर ८ ओहमांचा असेल तर अडीच अँपिअर प्रवाह वाहतो आणि ५० वॅट शक्ती खर्च होते. स्पीकर ४ ओहमांचा असेल तर व्हॉल्यूम तसूभरही न हलवता प्रवाह ५ अँपिअर आणि शक्ती १०० वॅट होते. २ ओहमांना हेच आकडे १० अँपिअर आणि २०० वॅट होतात, निदान कागदावर. प्रत्यक्षात बहुतेक घरगुती अ‍ॅम्प्लिफायरांचा ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तेथवर पोहोचण्याआधीच हात टेकतात.

उष्णतेचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे, कारण अ‍ॅम्प्लिफायर बहुधा उष्णतेनेच निकामी होतो. साध्या एबी वर्गाच्या (ही घरगुती अ‍ॅम्प्लिफायरांची नेहमीची रचना), अधिक-उणे ३५ व्होल्ट पुरवठ्यावर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ८ ओहमांच्या शुद्ध रोधावर आउटपुट ट्रान्झिस्टरांत प्रत्येक वाहिनीमागे जास्तीत जास्त सुमारे ३१ वॅट उष्णता निर्माण होते. तोच पुरवठा ठेवून ४ ओहम जोडले की हा आकडा ६२ वॅटपर्यंत जातो. ही कमाल पूर्ण आवाजावर येत नसून पूर्ण शक्तीच्या साधारण ४० टक्क्यांवर येते, हेही लक्षात ठेवावे. त्यामुळे ‘मी कधी पूर्ण आवाज लावतच नाही’ हा दिलासा अर्धाच खरा आहे. मात्र रात्री हळू आवाजात गाणी ऐकताना सरासरी शक्ती एक वॅटच्या आसपास असते, आणि अशा वापराने ४ ओहमांच्या स्पीकरपायी कोणताही धडधाकट अ‍ॅम्प्लिफायर बिघडत नाही.

पट्टीवरील आकडा आणि खरा इम्पीडन्स

स्पीकरवर छापलेला ४, ६ किंवा ८ हा नाममात्र आकडा असतो. आयईसी ६०२६८-५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कार्यकक्षेतील कोणत्याही वारंवारतेवर इम्पीडन्स नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमांचा स्पीकर ६.४ च्या आणि ४ ओहमांचा ३.२ च्या खाली उतरू नये. सर्वच उत्पादक ही मर्यादा पाळत नाहीत. ‘८ ओहम’ म्हणून विकले जाणारे अनेक टॉवर स्पीकर प्रत्यक्षात चारच्या आसपास उतरतात, कारण त्यांतील दोन वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचे मोठे स्पीकर, समांतर जोडलेले असतात. त्यांची घसरण बहुधा १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि तबल्याचा डग्गा, पुरुषाचा खर्जातील आवाज आणि बास गिटार यांची बरीचशी ऊर्जा नेमकी तेथेच असते. म्हणून माहितीपत्रकात ‘किमान इम्पीडन्स’ हा वेगळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा.

हे आकडे किती दूरपर्यंत ताणले जाऊ शकतात हे काही प्रसिद्ध स्पीकरांवरून कळते. बीबीसीने स्वतःच्या कामासाठी विकसित केलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर मूळ रूपात १५ ओहमांचा होता. त्याला प्रवाह कमीच लागे. १९५७ साली बाजारात आलेल्या क्वाडच्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचा इम्पीडन्स वरच्या वारंवारतांना २ ओहमांखाली जातो. १९८० च्या दशकातील अपोजी सिंटिला हा रिबन स्पीकर तर एका ओहमाच्या भारासाठी ओळखला जातो, आणि त्याला हाताळू शकणारे अ‍ॅम्प्लिफायर त्या काळी बोटांवर मोजण्याइतके होते.

आणखी एक गोष्ट बहुतेक मार्गदर्शकांतून सुटते, ती म्हणजे कला-कोन. स्पीकर हा शुद्ध रोध नसतो. त्याच्यात प्रवाह व्होल्टेजच्या पुढे किंवा मागे पडतो. प्रवाह जोरात वाहत असताना व्होल्टेज शून्याजवळ असेल तर पुरवठ्याचे जवळजवळ सगळे व्होल्टेज ट्रान्झिस्टरवरच पडते आणि तो तापतो. गणित केले तर असे दिसते की, ४ ओहमांचा इम्पीडन्स ४५ अंशांच्या कला-कोनासह आला, तर ट्रान्झिस्टरवरील क्षणिक ताण सुमारे दीड ओहमाच्या शुद्ध रोधाइतका होतो. एकच ‘४ ओहम’ छापलेले दोन स्पीकर एकाच अ‍ॅम्प्लिफायरला अगदी वेगळे का वागवतात, याचे उत्तर बरेचदा येथे असते.

घरी मोजणी

पहिली पायरी सोपी आहे. स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवून मल्टिमीटर ओहमांवर ठेवावा आणि टोकांवर लावावा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्यावर जो आकडा येतो तो वजा करावा. उरलेला आकडा हा कॉइलचा एकदिश (डीसी) रोध असतो आणि तो नाममात्र आकड्यापेक्षा कमीच येतो. ४ ओहमांच्या स्पीकरला ३.२ ते ३.६ आणि ८ ओहमांच्या स्पीकरला साधारण साडेपाच ते साडेसहा. पट्टी निघून गेलेल्या जुन्या स्पीकरची जात एवढ्यावरूनही ओळखता येते. मोटारीत बसवायचे स्पीकर बहुतेक ४ ओहमांचे असतात, आणि ‘होम थिएटर’च्या एकत्र संचातील छोटे स्पीकर अनेकदा ३ ओहमांचे निघतात. असे स्पीकर संच बिघडल्यावर रिसीव्हरला, म्हणजे अनेक वाहिन्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला, लावले जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुसऱ्या पायरीत इम्पीडन्सचा आलेख काढायचा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पांढरा सिमेंट रेझिस्टर मिळतो. १० ओहम, १० वॅटचा घ्यावा आणि त्याची खरी किंमत मल्टिमीटरने मोजून ठेवावी. अ‍ॅम्प्लिफायरच्या अधिक टोकापासून रेझिस्टर, तेथून स्पीकर, आणि स्पीकरपासून उणे टोक अशी एकसर जोडणी करावी. फोनवरील टोन जनरेटरने ४० हर्ट्झपासून ४०० हर्ट्झपर्यंत एकेक सूर वाजवावा. आवाज बेताचा, म्हणजे रेझिस्टरवर एक व्होल्टच्या आसपास येईल इतकाच ठेवावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी स्पीकरच्या आणि मग रेझिस्टरच्या टोकांवरचे व्होल्टेज लिहून घ्यावे. पहिल्याला दुसऱ्याने भागून रेझिस्टरच्या ओहमांनी गुणले की त्या वारंवारतेचा इम्पीडन्स मिळतो. स्पीकरवर ०.३२ आणि रेझिस्टरवर ०.८० व्होल्ट असतील तर उत्तर ४ ओहम, ०.२७ आणि ०.९० असतील तर ३ ओहम.

४० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान आकडा एकदम चढून २०–३० ओहमांपर्यंत गेलेला दिसला तर घाबरू नये. ते वूफरचे अनुनादाचे शिखर आहे. आपल्याला शोधायचा आहे तो शिखरानंतरचा सर्वांत खोल खळगा. स्वस्त मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर एसी व्होल्टेज नीट दाखवत नाहीत, म्हणून त्यापुढील आकड्यांवर भिस्त ठेवू नये. ट्वीटरच्या, म्हणजे वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरच्या, बाजूचा खळगा आणि कला-कोन या पद्धतीने कळत नाहीत; पण खालच्या पट्ट्यातील घसरण सर्वांत जास्त ताण देणारी असल्यामुळे निर्णयाला एवढे पुष्कळ होते.

अ‍ॅम्प्लिफायरचे माहितीपत्रक कसे वाचावे

पाहायची एकच गोष्ट सांगायची झाली, तर ८ आणि ४ ओहमांवरच्या शक्तीचे प्रमाण पाहावे. ८ ओहमांवर ५० वॅट आणि ४ वर १०० किंवा ९० वॅट लिहिले असतील, तर पुरवठा भक्कम आहे. ४ वर ७५ वॅट असतील तरीही घरगुती वापराला तो चांगला म्हणावा. ५० चे जेमतेम ६० होत असतील, तर तो अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमांवर तग धरतो, पण दमतो. आणि ४ ओहमांचा उल्लेखच नसेल तर उत्पादकाने त्या भाराची जबाबदारी घेतलेली नाही, असा सरळ अर्थ घ्यावा. एव्ही रिसीव्हरमध्ये एकाच ट्रान्सफॉर्मरवर पाच किंवा सात वाहिन्या असतात, तेव्हा ‘दोन वाहिन्या चालू असताना’ दिलेला आकडाच विचारात घ्यावा. एका वाहिनीवर, १ किलोहर्ट्झला आणि १० टक्के विकृतीसह दिलेला आकडा जोडी जुळवण्याच्या कामाचा नाही, आणि खोक्यावरील ‘पीएमपीओ’ (क्षणिक शिखरशक्ती म्हणून फुगवून छापलेले) वॅट तर पूर्णपणे दुर्लक्षित करावेत. शक्तीच्या जाहिरातींतील असल्या फुगवट्याला आवर घालण्यासाठी अमेरिकेत १९७४ साली स्वतंत्र नियम करावा लागला होता.

अनेक रिसीव्हरांच्या मागे किंवा मेनूमध्ये इम्पीडन्स निवडण्याची सोय असते. ४ किंवा ६ ओहमांची निवड केल्यावर अ‍ॅम्प्लिफायर अधिक प्रवाह देऊ लागतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. बहुतेक ठिकाणी त्या निवडीने आतील पुरवठ्याचे व्होल्टेज कमी केले जाते, त्यामुळे प्रवाह आणि उष्णता दोन्ही आटोक्यात राहतात आणि उपलब्ध शक्तीही घटते. सूचना-पुस्तिकेत ४ ओहमांसाठी ती निवड सांगितली असेल तर ती जरूर पाळावी. पण दुबळा अ‍ॅम्प्लिफायर त्यामुळे सुरक्षित होतो, सबळ होत नाही. मोठ्या आवाजाला तो लवकर क्लिप होईल, म्हणजे तरंगाचे माथे छाटले जातील, आणि सतत क्लिप होणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे ट्वीटर जळतात.

हाताने जुळवणी करणाऱ्यांसाठी एलएम३८८६ या चिपचे उदाहरण बोलके आहे. तिच्या माहितीपत्रकानुसार अधिक-उणे २८ व्होल्टवर ती ४ ओहमांना ६८ आणि ८ ओहमांना ३८ वॅट देते. ८ ओहमांवर ५० वॅट हवे असतील तर अधिक-उणे ३५ व्होल्ट द्यावे लागतात. त्या ३५ व्होल्टांच्या बोर्डाला ४ ओहमांचे स्पीकर लावले, तर चिपमधील संरक्षण गाण्याच्या जोराच्या जागी आड येते आणि आवाज तडतडतो. तो बोर्ड सदोष नसतो; ट्रान्सफॉर्मर भाराला साजेसा निवडलेला नसतो. टीपीए३११६ या चिपच्या डी वर्गातील, म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या, बोर्डांना मात्र ४ ओहम मानवतात. २१ व्होल्टवर प्रत्येक वाहिनीला ५० वॅट मिळतात आणि उष्णताही थोडी असते. त्यांची दोन्ही आउटपुट टोके जिवंत असतात, म्हणून दोन वाहिन्यांच्या उणे तारा एकत्र करू नयेत किंवा जमिनीला जोडू नयेत.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरांना वेगळा नियम लागतो. त्यांच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर ४, ८ आणि १६ ओहमांची स्वतंत्र टोके असतात. ४ ओहमांचा स्पीकर ४ च्या टोकाला लावावा, आणि स्पीकर न जोडता असा अ‍ॅम्प्लिफायर कधीही वाजवू नये.

जोडणीत होणाऱ्या चुका

नाममात्र आकडे नीट पाहून घेतल्यानंतरही जोडणीने सगळा हिशेब बिघडतो, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. एका नातेवाइकांचा रिसीव्हर एप्रिल-मे महिन्यांत दर संध्याकाळी ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडे. त्यांनी दिवाणखान्यातील ६ ओहमांच्या जोडीबरोबर गच्चीवरची ४ ओहमांची जोडी रिसीव्हरवरील दुसऱ्या जोडीच्या ‘बी’ टोकांना लावली होती आणि दोन्ही बटणे दाबलेली होती. समांतर जोडणीत ६ आणि ४ मिळून २.४ ओहम होतात. वर रिसीव्हर बंद कपाटात आणि डोक्यावर सेट-टॉप बॉक्स. एक बटण सोडले आणि कपाटाचे दार उघडे ठेवले, तेव्हापासून तो विनातक्रार चालतो आहे.

म्हणून ‘ए अधिक बी’ वापरायचे असेल तर दोन्ही जोड्या ८ ओहमांच्या असाव्यात. मागे ‘ए अधिक बी : १२ ते १६ ओहम’ असे लिहिले असेल तर तेही पाळावे. ब्रिज जोडणीत, म्हणजे दोन वाहिन्या मिळून एकच स्पीकर चालवतात तेव्हा, प्रत्येक वाहिनीला निम्माच भार दिसतो, म्हणजे ४ ओहमांचा स्पीकर २ ओहमांसारखा वाटतो. घरगुती अ‍ॅम्प्लिफायरवर तो प्रयोग करू नये. दुहेरी कॉइलच्या मोटारीतील सबवूफरमध्ये ४ ओहमांच्या दोन कॉइल असतील, तर घरी त्या एकसर जोडून ८ ओहम करावेत, समांतर जोडून २ करू नयेत. बाय-वायरिंगने, म्हणजे एकाच अ‍ॅम्प्लिफायरपासून वूफर आणि ट्वीटरला वेगळ्या तारा नेल्याने, मात्र इम्पीडन्समध्ये काहीच फरक पडत नाही.

स्पीकरबरोबर ४ ओहमांचा रेझिस्टर एकसर लावून ‘८ ओहम’ करण्याचा सल्लाही वारंवार दिला जातो. अ‍ॅम्प्लिफायर त्याने सुखावतो हे खरे, पण निम्मी शक्ती रेझिस्टर तापवण्यात जाते आणि स्वर बिघडतो. जेथे इम्पीडन्स ४ आहे तेथे स्पीकरला निम्मे व्होल्टेज मिळते. जेथे तो २० आहे तेथे पाच-षष्ठांश मिळते. हा फरक सुमारे ४.४ डेसिबलचा आहे, म्हणजे बास फुगून ढबढबीत होणार. चांगल्या स्पीकरवर हा अन्याय करू नये.

तारेकडेही ४ ओहमांवर अधिक लक्ष द्यावे लागते. येण्या-जाण्याचा मिळून तारेचा रोध इम्पीडन्सच्या ५ टक्क्यांत, म्हणजे ०.२ ओहमात राहावा. १० मीटर अंतराला ०.७५ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार सुमारे ०.४६ ओहम भरते, १.५ ची ०.२३ आणि २.५ ची ०.१४. तेव्हा लांबच्या स्पीकरला २.५ आणि चार-पाच मीटरांच्या आत १.५ घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याहून बराच जास्त असतो.

किती वॅट पुरतात

स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठराविक शक्तीला एक मीटरवर मिळणारी आवाजाची पातळी, वाचताना ती एका वॅटला दिली आहे की २.८३ व्होल्टला, हे पाहावे. ८ ओहमांवर २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट. ४ ओहमांवर तेच दोन वॅट होतात. म्हणून ‘२.८३ व्होल्टला ८८ डेसिबल’ असा ४ ओहमांचा स्पीकर वॅटच्या मापाने ८५ डेसिबलचाच असतो. साधारण बारा फूट बाय चौदा फुटांच्या खोलीत पावणेतीन मीटरवर बसले, तर अंतराने सुमारे ६ डेसिबल घटतात आणि दोन स्पीकरांमुळे ३ वाढतात, म्हणजे एका वॅटला कानाशी ८२ पोहोचतात. २० वॅटला ९५ आणि १०० वॅटला १०२ डेसिबल होतात. ९५ ही घरात पुष्कळ मोठी पातळी आहे. म्हणजे ४ ओहमांवर प्रामाणिकपणे ६०–८० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर अशा खोलीला पुरून उरतो. आकड्यांमागे धावण्यापेक्षा ते वॅट ४ ओहमांवरचे आहेत ना, एवढे पाहावे. रिसीव्हर आणि सबवूफर असेल तर मेनूमध्ये समोरचे स्पीकर ‘स्मॉल’ ठेवून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवावा, त्यामुळे खालच्या स्वरांचा प्रवाह रिसीव्हरवरून उतरतो. १०० ते २०० हर्ट्झचा खळगा मात्र तसाच राहतो.

पहिल्यांदा चालू करताना

अ‍ॅम्प्लिफायर बंद असतानाच तारा जोडाव्यात, आणि टोकाबाहेर एकही सुटा तंतू शेजारच्या टोकाला टेकत नाही हे उजेडात पाहावे. अ‍ॅम्प्लिफायर जुना असेल तर स्पीकर लावण्यापूर्वी, इनपुट काहीही न देता, आउटपुट टोकांवर डीसी व्होल्ट मोजावेत. ५० मिलिव्होल्टांपेक्षा जास्त आढळले तर तो आधी कारागिराला दाखवावा. वरच्या बाजूला किमान १०–१५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळिशीला टेकते, तेथे हीटसिंकला उष्णता टाकायला वाव कमी उरतो, म्हणून एक छोटा पंखा ठेवावा.

मग नेहमीच्या आवाजापेक्षा थोड्या मोठ्या आवाजात अर्धा तास सलग गाणी लावावीत आणि झाकणावर हात ठेवून पाहावा. हात पाच-सहा सेकंद सुखाने टेकवता आला तर जोडी जमली आहे. हात लगेच उचलावा लागला, जोराच्या जागी आवाज आक्रसला किंवा संरक्षणाचा रिले (आतील स्वयंचलित स्विच) टक्कन तुटला, तर आवाज कमी करून पुन्हा चालू करू नये; आधी वीज बंद करून तारांचे तंतू तपासावेत, मग ‘बी’ बटण, मग मोजणीतला सर्वांत खोल आकडा. सगळे ठीक असूनही तेच घडले तर त्या स्पीकरांसाठी ४ ओहमांची शक्ती लिहून देणारा दुसरा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, आणि पहिल्याला ८ ओहमांची जोडी लावून दुसऱ्या खोलीत ठेवावे.